गॅरेट हॉस्टेल पूल : केंब्रिजच्या विद्यार्थ्याने आखलेला

केंब्रिजला गेलेला पर्यटक कॅम नदीवरचा लाकडी ‘मॅथेमॅटिकल ब्रिज’ पाहतोच. तो न्यूटनने बांधला, अशी दंतकथाही त्याच्या कानावर पडते. प्रत्यक्षात न्यूटन वारला १७२७ साली आणि तो पूल झाला १७४९ मध्ये. पण मला विचाराल, तर पाहावा असा पूल आणखी उत्तरेला आहे. ट्रिनिटी आणि ट्रिनिटी हॉल या कॉलेजांमधून एक अरुंद गल्ली नदीकडे जाते. तिच्या टोकाला गॅरेट हॉस्टेल पूल लागतो.

त्याच्या एका अंगाला क्लेअर कॉलेजचा १६४० सालचा दगडी पूल, दुसऱ्या अंगाला ट्रिनिटीचा १७६५चा. दोन्ही देखणे, पण कॉलेजच्या फाटकाआडचे. हा मात्र सार्वजनिक, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी.

इथे पूर्वी एकोणिसाव्या शतकातला लोखंडी पूल होता. १९६० साली ट्रस्टेड कुटुंबाच्या देणगीतून नवा झाला. त्याचा आराखडा केला टिमथी मॉर्गन या जीझस कॉलेजच्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याने. त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. एवढ्या कोवळ्या वयात इतकं नेमकं काम करून गेलेल्या या मुलाचं नाव मार्गदर्शक पुस्तकांत ठळक असायला हवं.

नेमकं म्हणजे काय, ते काठावरून दिसतं. नदीत एकही खांब नाही आणि काँक्रीटची कमान मध्यावर अगदी सडपातळ आहे. काँक्रीट दाब सोसतं, ताणाला मात्र फुटतं. म्हणून ते घट्ट झाल्यावर आतल्या नळ्यांमधल्या पोलादी तारा ताणून टोकांना जखडतात. मग अख्खी कमान दाबाखाली राहते आणि जाडी कमी लागते. खालून पंट नावाच्या होड्या लांब काठीने ढकलत नेतात, त्यांना उंची हवी; काठावर लांब उतार द्यायला जागा नाही. त्यामुळे चढ चांगलाच खडा झाला आहे. सायकलवाले पेडलवर उभे राहून तो चढतात.

डॉ. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला शिकायला गेले. त्यांच्या तिथल्या वास्तव्यातच हा पूल उभा राहिला.

पुलावर जायला तिकीट नाही. फोटोसाठी थांबाल तेव्हा कठड्याला लागून उभे राहा. उतारावरून सायकली वेगात येतात.