मानपत्रावर झीलकऱ्याचे नाव

लोणी काळभोरच्या राजबागेत, राज कपूर यांच्या शेतावर, ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चे चित्रीकरण झाले. 1978 च्या या चित्रपटाच्या संगीतासाठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. याच लोणी काळभोरच्या परिसरात दर वर्षी ज्येष्ठ वद्यात, पुण्याचा मुक्काम आटोपून, तुकोबांची पालखी उतरते आणि दिंड्यादिंड्यांतून पखवाज घुमू लागतो. तोच सोलापूर रस्ता धरून उरुळी कांचन, यवत मागे टाकले की चौफुला लागतो. तिथल्या कलाकेंद्रांत संगीत बारी नांदते. म्हणजे सिनेमाचे, वारीचे आणि लावणीचे अशी तीन संगीते एका रस्त्यावर आहेत. त्यांपैकी पहिल्याला कर्ता आहे आणि त्याचे नाव पडद्यावर झळकते. उरलेल्या दोघांना असा एक कर्ता नाही. दिंडीतली चाल कोणी बांधली हे विचारले, तर टाळकरी आपल्या गुरूचे नाव सांगेल आणि तो गुरू त्याच्या गुरूचे. स्थानिक संगीतासाठी दर वर्षी पुरस्कार देताना आपण हा फरक ध्यानात घेत नाही. सिनेमाला शोभणारा साचा आपण तमाशाच्या फडावर आणि दिंडीवर बसवतो: एक व्यक्ती, एक शाल, एक मानपत्र.

या साच्यातून काय घडते, हे तमाशाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. विठाबाई नारायणगावकर यांना 1957 आणि 1990 असे दोनदा राष्ट्रपती पदक मिळाले. तरीही 15 जानेवारी 2002 रोजी त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या अखेरच्या दिवसांतली ओढाताण साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होती. पुढे राज्य शासनाने त्यांच्याच नावाने तमाशा क्षेत्रासाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्याच्या पहिल्या मानकरी कांताबाई सातारकर. नंतर तो विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनाही मिळाला. हा योगायोग नव्हे. आईच्या नावाचा पुरस्कार लेकीकडे येतो, कारण तमाशाची विद्या फडातच पिकते. ती राहुटीत, प्रवासात, एकमेकांच्या पाठीशी उभे राहून अंगी मुरते. आपण नाव एका बाईचे पुकारतो, पण प्रत्यक्षात गौरव होत असतो तो फडाचा. मग ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्याचा सूर न सोडणारा सुरत्या आणि गाणारणीच्या ओळीची शेवटची अक्षरे उचलून ती पार गगनाला नेणारा झीलकरी, हे सगळे मानपत्राबाहेर का? झील काढून टाकली तर उरलेली लावणी सुरेल असेल, पण ती फडाची राहणार नाही.

दुसरी अडचण वेळेची. वाईच्या लावणी गायिका यमुनाबाई वाईकर यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार 1977 मध्ये मिळाला आणि पद्मश्री 2012 मध्ये, वयाची नव्वदी उलटून गेल्यावर. हा सन्मान योग्यच होता, त्याचा आनंदही मोठा होता. पण शिकवण्याची उमेद असते त्या वयात हाती काही पडले, तर त्यातून शिष्य उभे राहतात. संगीत नाटक अकादमीने 2006 पासून चाळिशीच्या आतल्या कलावंतांसाठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या नावाने युवा पुरस्कार सुरू केला, त्यामागे हेच भान आहे. गावपातळीवरच्या सोहळ्यांत मात्र ते अजून पुरेसे उतरलेले नाही.

पुरस्कार एकट्या व्यक्तीऐवजी फडाला आणि उमेदीच्या वयात द्यावा, या म्हणण्यावर पहिला आक्षेप करुणेपोटी येतो आणि म्हणूनच तो मनाला लागतो: थकलेल्या कलावंताला औषधपाण्याला पैसे हवेत, जीवनगौरवाने निदान ते मिळतात. ही गरज खरी आहे, पण ती भागवणे हे मानधनाचे काम आहे आणि ते हक्काने मिळायला हवे. राज्याच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत वर्षानुवर्षे तीन वर्ग होते. राष्ट्रीय पातळीच्या कलावंताला दरमहा 3150 रुपये, राज्य पातळीच्याला 2700 आणि स्थानिक पातळीच्याला 2250. ‘स्थानिक’ म्हणजे तळाचा, हे सरकारी कागदावर आकड्यांत लिहिलेले होते. 2024 मध्ये हे वर्ग बाजूला ठेवून सरसकट 5000 रुपये करण्यात आले, हा मला अलीकडच्या काळातल्या कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठा सन्मान वाटतो. म्हातारपणाची भाकर अशी दरमहा यावी. वर्षातून एकदा एकाच्याच ओंजळीत पडणाऱ्या रकमेवर साऱ्या पिढीला तगवता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. फडाला बक्षीस दिले तर ते मालकाच्या खिशात जाईल, शिवाय फडातली माणसे दर हंगामाला बदलतात, असे ते म्हणतात. माणसे बदलतात हे खरे. कलावंत उचल घेतो, हंगाम संपला की दुसरीकडे जातो. पण दसऱ्याला नारळ फुटतो तेव्हा त्या हंगामाची मंडळी ठरलेली असतात. ती यादी मानपत्रावर जशीच्या तशी छापावी आणि रक्कम प्रत्येकाच्या खात्यावर थेट जावी, यात अशक्य काही नाही. अकलूजला 1993 पासून भरू लागलेल्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धेत कलाकेंद्रांच्या पार्ट्याच मंचावर उतरल्या आणि अख्ख्या पार्टीचे काम तिथे तोलले गेले. बाहेर पाहायचे तर आयर्लंडच्या लोकसंगीताचा ‘फ्ला क्योल’ हा सोहळा 1951 मध्ये मलिंगार गावी सुरू झाला. पुढे तो वेगवेगळ्या गावी फिरत राहिला. त्यात बारा वर्षांखालच्या मुलांपासून वयोगट आहेत आणि नाचासाठी वाजवणाऱ्या अख्ख्या ताफ्यांचीही स्पर्धा होते. तिथे पोर पहिल्यांदा मंचावर जाते ते शिकत असतानाच.

तिसरा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करते. भजनाची तुलना करू नये, दिंडीला क्रमांक देऊ नये, असे वारकरी म्हणतात तेव्हा त्यात अर्थ आहे. विठ्ठलापुढे गायलेले परीक्षकापुढे गायले की त्याचा डौल बदलतो. म्हणून वारीच्या संगीतात स्पर्धा नको. पण गावात संध्याकाळी पोरांना जमवून हरिपाठ आणि पखवाजाचे बोल शिकवणारा माणूस, पखवाजाला शाई भरणारा, वादी ओढून सूर लावून देणारा कारागीर, यांचा मान करायला क्रमांक लागत नाही. पूड फाटली आणि दुरुस्त करणारा जवळ नसला, तर ते वाद्य खुंटीलाच लटकून राहते.

राहता राहिला प्रश्न निवडीचा. ती कोणी करायची? गुढीपाडव्याला नारायणगावच्या राहुट्यांमध्ये गावोगावच्या यात्रा कमिट्या फडांना सुपारी द्यायला येतात. कोणत्या फडाची ढोलकी यंदा तयार आहे, कोणाचा झीलकरी दमला आहे, कोणी नवी पोरगी चांगली घडवली आहे, हे त्या माणसांना तोंडपाठ असते. त्यांच्या शब्दावर गाव पैसे मोजते, आणि फड पडला तर जत्रेत बोलणी त्यांनाच खावी लागतात. निवड समितीच्या निम्म्या खुर्च्या या मंडळींना द्याव्यात, आणि उरलेल्यांतली एक तरी ढोलकीवाल्याला.