फुंकरीत न सापडणारी नशा

गेल्या वर्षी म्हसवडच्या एका शाळेत विज्ञान मंडळापुढे बोलण्याचा योग आला. विषय होता रस्त्यावरील सुरक्षितता. पोलीस चालकाला ज्या यंत्रात फुंकायला लावतात, त्याचे कार्य मी समजावून सांगितले. शेवटी अकरावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, गांजा ओढलेला ड्रायव्हर या यंत्रात सापडतो का?" वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. म्हसवडवरून सातारा-पंढरपूर रस्ता जातो, आणि सिद्धनाथाच्या रथोत्सवात तर त्यावर माणसांची व वाहनांची रीघ लागते. ऊस-मक्याच्या आड लावलेली गांजाची झाडे पकडल्याच्या बातम्याही सातारा-सांगलीकडच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात.

उत्तर 'नाही' असे आहे. कारण समजण्यासाठी आधी दारूकडे पाहू.

दारूतील अल्कोहोल पाण्यात सहज मिसळते. रक्तातून फुप्फुसातील हवेत ते ठरावीक प्रमाणात उतरते. साधारणपणे २१०० मिलिलिटर श्वासात जितके अल्कोहोल, तितके १ मिलिलिटर रक्तात असते. शिवाय रक्तातून ते जवळजवळ एकसारख्या गतीने कमी होते. १०० मिलिलिटरमागे ताशी सुमारे १५ मिलिग्रॅम. त्यामुळे फुंकरीवरून रक्तातले प्रमाण, त्यावरून दोन तासांपूर्वीचे प्रमाण आणि त्यावरून चालकाच्या अवस्थेचा अंदाज, अशी साखळी जोडता येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ मधील मर्यादा, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, ही या साखळीवरच उभी आहे.

गांजातील मुख्य मादक द्रव्य म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, थोडक्यात टीएचसी. इस्रायलमधील राफाएल मेकूलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते मेंदूतील ज्या ग्राहींवर जाऊन बसते, त्यांवर बसणारे शरीरातीलच एक द्रव्य १९९२ साली सापडले. संशोधकांनी त्याला संस्कृत 'आनंद' या शब्दावरून 'आनंदामाइड' असे नाव दिले. हे ग्राही लहान मेंदूत आणि स्मरणाशी संबंधित भागात दाटीने असतात. म्हणून गांजाने तोल, प्रतिसादाचा वेग, वेळेचा अंदाज आणि एकाच वेळी दोन-तीन गोष्टींकडे लक्ष देण्याची क्षमता बिघडते. गाडी चालवायला याहून वेगळे काय लागते?

टीएचसी पाण्यात नव्हे, चरबीत विरघळते. सगळी अडचण इथून सुरू होते. श्वासात ते वायुरूपाने जवळजवळ येतच नाही. चिलीम ओढल्यावर दहाएक मिनिटांत त्याचे रक्तातील प्रमाण शिखर गाठते आणि पुढच्या एक-दोन तासांत बहुतांशी ओसरते. पण ओसरते म्हणजे शरीराबाहेर जाते असे नाही. ते मेंदूत आणि चरबीत शिरते, आणि परिणाम कित्येक तास टिकतो. भांग प्यायल्यास रक्तातील आकडा फारसा वर जात नाही. नशा उशिरा चढते आणि अधिक काळ राहते. उलट नेहमी ओढणाऱ्याच्या चरबीत साठलेले टीएचसी हळूहळू झिरपत असते, त्यामुळे काही दिवस न ओढताही ते रक्तात थोडे सापडू शकते. लघवीत सापडतो तो कार्बॉक्सी-टीएचसी हा अवशेष. तो मादक नसतो, पण रोज ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे राहू शकतो.

आता समजा, रात्री एका टेंपोने मोटारसायकलला धडक दिली. चालकाने तासाभरापूर्वी चिलीम ओढली होती, पण त्याचे रक्त घेतले गेले चार तासांनी. आकडा अगदी लहान येईल. दुसऱ्या एका अपघातातील चालकाने चार दिवसांपूर्वी गांजा ओढला होता. आज तो पूर्ण शुद्धीवर आहे आणि त्याची लघवीची चाचणी सकारात्मक येते. केवळ आकड्यावर विसंबलो तर पहिला सुटेल आणि दुसरा अडकेल. मोटारसायकलस्वाराच्या घरच्यांना दोन्हींत न्याय नाही.

कायद्याने मादक द्रव्यांसाठी आकडा ठेवलेला नाही. कलम १८५ (ब) विचारते ते इतकेच, की द्रव्याच्या अमलामुळे चालक वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ होता काय. २०१९ च्या दुरुस्तीने 'द्रव्य' या शब्दाची व्याख्या विस्तारली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. खिशात गांजाची पुडी सापडणे हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखालचा वेगळा गुन्हा झाला. त्याने असमर्थता सिद्ध होत नाही. (त्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येत शेंडे येतात, नुसती पाने येत नाहीत. मेंदूला हा फरक कळत नाही, हे सोडून द्या.)

गंमत अशी, की कलम २०३ व २०४ मधील चाचण्यांची सारी रचना दारू डोळ्यांपुढे ठेवून झाली आहे. आधी फुंकर, तीत अल्कोहोल दिसले किंवा चालकाने नकार दिला, तर रक्त. फुंकर कोरी निघाली की ही वाट बंद होते. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ प्रमाणे पोलिसांनी वैद्यकीय तपासणी मागावी लागते. कलम २०२ चे बंधनही लक्षात ठेवावे: अटकेपासून दोन तासांत तपासणी न झाल्यास चालकाला सोडावे लागते. म्हसवडहून सातारा गाठायलाच तितका वेळ जातो. तेव्हा जवळच्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी त्या रात्री कागदावर काय लिहिले, यावर खटला उभा राहतो किंवा पडतो.

त्यांनी लिहावे काय? गाडी कशी चालली होती, डोळ्यांची लाली, बाहुल्यांचा आकार, पापण्यांची थरथर, नाडीचे ठोके, बोलणे. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९७० च्या दशकात अशा निरीक्षणांची पद्धत बसवायला सुरुवात केली. टाचेला पंजा भिडवत सरळ रेषेत नऊ पावले चालणे, एका पायावर उभे राहणे, डोळे मिटून ३० सेकंदांचा अंदाज करणे हे तिचे भाग आहेत. पण थकवा, डोक्याला मार, रक्तातील साखर उतरणे यांमुळेही माणूस अडखळतो. म्हणून डॉक्टर हवा, आणि जोडीला रक्तही हवे. ते सोडियम फ्लोराइड व पोटॅशियम ऑक्झलेट घातलेल्या बाटलीत, थंड, मोहोरबंद आणि कोणाच्या हातून कोणाकडे गेले याच्या नोंदीसह प्रयोगशाळेत पोहोचायला हवे. मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात प्रश्न दारूचा होता. पण वाद पेटला तो नमुना कित्येक तास उशिरा घेतल्यावरून आणि तो बदलल्याच्या आरोपावरून.

काही देशांनी टीएचसीचा आकडा ठरवला आहे. इंग्लंडने २०१५ पासून लिटरभर रक्तात २ मायक्रोग्रॅम, तर अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०१२ मध्ये त्याच्या अडीचपट. एकाच द्रव्यासाठी इतका फरक का, असे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. हे आकडे धोरणाचे आहेत, शरीरशास्त्राचे नव्हेत, असे माझे मत आहे. वैमानिकांसाठी आपल्याकडे २०२२ पासून सुरू असलेल्या अचानक तपासणीत अवशेष सापडणे पुरते, आणि ते योग्यच आहे. तिथे प्रश्न त्याला उडू द्यायचे की नाही एवढाच असतो. तुरुंगात पाठवायचे तर पुरावा अधिक हवा.

वर्गासाठी एक गणित. आपल्या अल्कोहोलच्या मर्यादेची वॉशिंग्टनच्या टीएचसीच्या मर्यादेशी तुलना करा; ६०,००० पट उत्तर येईल. इतके थोडे द्रव्य मोजायला कसले उपकरण लागेल, याचीही कल्पना येईल.

आणि एक प्रयोग. सर्वांनी डोळे मिटावेत, ३० सेकंद झाले असे वाटताच हात वर करावा, शिक्षकांनी घड्याळ पाहून नोंद घ्यावी. म्हसवडच्या त्या वर्गात पहिला हात १९ व्या सेकंदाला वर आला, शेवटचा ४७ व्या. प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा हात ४१ व्या सेकंदाला आला. "सर, मी तर फक्त चहा प्यालोय," तो म्हणाला.