ड्रॉवर ते मुरादाबाद

गेल्या महिन्यात आईने अल्टिमेटमच दिला. ‘आज तो ड्रॉवर रिकामा झाला नाही, तर सगळं उचलून कचऱ्यात टाकीन!’ ड्रॉवर कसला, आमचं फॅमिली म्युझियमच ते. बाबांचा पहिला मोबाइल, माझा कॉलेजातला एमपीथ्री प्लेअर, ताईचा मेलेला लॅपटॉप आणि सहा चार्जर (कशाचे, ते देवालाच ठाऊक). गेटवरच्या भंगारवाल्याने सगळं घेऊन चारशे रुपये हातावर टेकवले. संध्याकाळी पिझ्झा आला. आई खूश, मी खूश.

मग डोक्यात किडा वळवळला. यात त्याला चारशे दिसले, म्हणजे पुढे कुणाला तरी त्याहून जास्त दिसत असणार. नक्की कुठे?

मुंबईचा असा माल कुर्ला, साकीनाका भागातल्या भंगाराच्या गल्ल्यांत सुटा होतो. प्लॅस्टिक एकीकडे, वायरी दुसरीकडे. सगळ्यात भाव सर्किट बोर्डाला, कारण त्यात तांबं, चांदी आणि अगदी चिमूटभर का होईना, सोनं असतं. देशभरातले असे बोर्ड दिल्लीच्या सीलमपूरला आणि पुढे उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला पोचत आलेत. मुरादाबाद म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव. भट्टी आणि धातू तिथल्या कारागिरांच्या हातातच. भांड्यांच्या धंद्यात मंदी आली, तशी बरीच घरं या कामाकडे वळली.

काम कसं चालतं? बोर्ड आचेवर धरायचा. साधारण 183 अंशांना सोल्डर वितळतं, मग चिमट्याने चिप्स उपटायच्या. जुन्या सोल्डरमध्ये सुमारे 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसं. त्यानंतर सोन्यासाठी तेजाबात बुडवणं, उरलेलं जाळणं, राख चाळणं आणि धुणं. ही काळी राख रामगंगेच्या काठावर पडते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 2015 मध्ये तिथल्या मातीत जड धातू दाखवून दिले होते.

तुम्ही म्हणाल, आता तर लेड-फ्री सोल्डर आलंय. आलंय खरं. युरोपने 2006 पासून आणि आपण 2012 पासून लागू झालेल्या नियमांनी नव्या वस्तूंतल्या शिशावर मर्यादा घातल्या. पण भंगारात नवं कोण देतं? तिथे येतो तो आपला ड्रॉवर!

शिशाची खोड अशी, की ते बोंब मारत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजतं आणि हाडांत नेऊन ठेवतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडांतलं मात्र वीस-तीस वर्षं मुक्काम ठोकतं. माणसाला जाणवतं काय, तर थकवा, पोटदुखी, बद्धकोष्ठ, चिडचिड. आता यावर कोण ब्लड लेड टेस्ट सांगणार? अ‍ॅसिडिटीची गोळी मिळते आणि माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा आचेसमोर. तोंडाला रुमाल बांधला तरी धातूचा धूर त्यातून आत जातोच. बाकी मंडळीही आहेत. निकेल-कॅडमियम बॅटरीतलं कॅडमियम मूत्रपिंडात साठतं. जुन्या एलसीडी स्क्रीनमागच्या बारीक नळ्यांत पारा असतो. नळी फुटली की त्याची वाफ थेट श्वासात, आणि त्याचा मार मज्जासंस्थेवर.

मला खरा धक्का इथे बसला नाही. बसला तो हे विष घरी जातं, या गोष्टीने. शर्टावर, केसांत, नखांत धूळ घेऊन बाप घरी येतो. अनेकदा तर काम घरातच चालतं. रांगणारं मूल त्याच फरशीवरचे हात तोंडात घालतं, आणि पोटात गेलेलं शिसं मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात. हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरतं आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचतं.

चीनमधलं ग्वीयू हे या धंद्याचं एकेकाळचं सगळ्यात कुप्रसिद्ध गाव. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे सरासरी 15.3 मायक्रोग्रॅम शिसं सापडलं. अमेरिकेत आज 3.5 च्या वर आकडा गेला की डॉक्टर मुलाच्या मागे लागतात!

यावर उपाय रॉकेट सायन्स नाहीत. कामाच्या जागी न जेवणं, हात धुऊन आणि कपडे बदलून घरी जाणं, हवा खेचणारी यंत्रणा, वेळोवेळी रक्ततपासणी. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत कामगारांची नोंदणी आणि त्यांच्या आरोग्यावर देखरेख हे राज्यांचं काम म्हणून लिहिलंय. अडचण एवढीच, की घरच्या अंगणात बोर्ड जाळणारा माणूस कुठल्याच यादीत नसतो. 2022 मध्ये जगभरात 6.2 कोटी टन ई-कचरा निघाला, आणि रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद जेमतेम 22.3 टक्क्यांची. म्हणून भंगारवाल्याला व्हिलन करण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. दारात येतो आणि रोख देतो, तोच एकटा.

पुढच्या रविवारी त्याला लॅपटॉपचं विचारलं. ‘वो तो उसी दिन निकल गया, मॅडम.’

ड्रॉवरच्या कोपऱ्यात एक फोन राहिला होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतून रजिस्टर्ड रिसायकलर शोधला, डेटा पुसला, दोन बस बदलून नेऊन दिला. पैसे शून्य. पावती मागून घेतली. ती आईने ड्रॉवरमध्ये ठेवलीय.