खराटा आणि मूठभर माती
अंगात चिंध्यांचे वस्त्र आणि हाती खराटा अशा वेषात गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरत, तेव्हा उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता ते प्रथम गल्ल्या झाडू लागत. आणि दिवसा ज्याने आपला केरकचरा उपसला तोच रात्री कीर्तनात प्रश्न विचारतो आहे, हे पाहून श्रोत्यांना अंतर्मुख होणे भागच पडे.

गृहशिक्षणाचा क्रमही, माझ्या मते, हाच असावा. आजी भाजी निवडून देठ नि साली परसातल्या खड्ड्यात टाकते, वर मूठभर माती पसरते, आणि दुसऱ्या दिवशी ती मूठ नातू आपण होऊन भरतो. सरकारी फर्मानाने वा दंडाच्या धाकाने जी सवय अंगी बाणत नाही, ती अशी बोटांत उतरते. पावसाळ्यात तेच काळे, भुसभुशीत खत तो कारल्याच्या वेलाला घालतो.