भांगेत तुळस, तुळशीत भांग

चांगल्या घरात वाया गेलेलं पोर निपजलं की आपण म्हणतो, तुळशीत भांग उगवली. दारुड्याच्या घरातल्या पोरीनं शिकून नाव काढलं की म्हणतो, भांगेत तुळस. भाषेनं निकाल असा आधीच देऊन ठेवलेला. त्यामुळे नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत ‘गांजाला कायद्यानं मोकळीक द्यावी का?’ असं कुणाला विचारलं, तर पहिलं उत्तर ठरलेलंच: ‘छे, काय बोलायलाव!’ दुसरं उत्तर बाहेर पडायला दोन चहा लागतात. हा आढावा त्या दुसऱ्या उत्तरांचा आहे. (गंजगोलाईतला गंज म्हणजे बाजारपेठ, गांजाशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी.)

दुसऱ्या उत्तरात एक गोष्ट लगेच ध्यानात येते. लोकांचं मत गांजाबद्दल नसतं, तो कुणाच्या हातात आहे याबद्दल असतं. माहूरगडावर दत्तजयंतीला आलेल्या साधूनं चिलमीला ओली छापी गुंडाळून दम भरला, तर पायऱ्या चढणारी माणसं त्याच्यापुढे वाकतात. महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत ‘शंकराची बुटी’ हा शब्द म्हातारी माणसंही हसून उच्चारतात. तीच चिलीम बसस्थानकामागच्या हमालाच्या हातात दिसली की तो गंजेटी. कॉलेजच्या पोराच्या हातात दिसली की घरात सुतक. एकच पाला आणि मतं तीन.

नांदेडला या श्रद्धेची आणखी एक बाजू आहे. निहंग शिखांच्या परंपरेत भांगेच्या पेयाला ‘सुखनिधान’ म्हणतात आणि त्याला धार्मिक मान आहे. शीख समाजातही त्यावर एकमत नाही. २००१ साली अकाल तख्ताकडून निहंगांना भांग सोडण्याचं आवाहन झालं, ते अनेक निहंगांनी मानलं नाही. आपल्याकडे वारकऱ्यांची माळ आहे. ती गळ्यात पडली की दारू आणि मांस सुटतं. तंबाखूची चंची मात्र बऱ्याच माळकऱ्यांच्या कमरेला तशीच राहते, आणि त्यावर कुणी काही बोलत नाही. कुठली नशा पापात मोजायची हे प्रत्येक समाजानं आपापल्या सोयीनं ठरवलेलं आहे. दारूवर मराठीत ‘एकच प्याला’सारखी शोकांतिका झाली, गर्दवर अनिल अवचटांनी पुस्तक लिहिलं आणि त्याच काळात, १९८६ साली, पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. गांजाच्या वाट्याला मात्र वगातला विनोदच आला.

गांजाबद्दल जनतेला विचारून पाहण्याचा या देशातला सगळ्यात मोठा खटाटोप केला तो इंग्रजांनी. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं गेलं. सात सदस्य, त्यांत तीन हिंदी. १,१९३ साक्षीदार, तीन हजारांवर पानं. डॉक्टर, कलेक्टर, साधू, पिकवणारे, विकणारे, सगळ्यांना विचारलं. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदीही तपासल्या, तेव्हा ‘गांजानं वेड लागलं’ हा शेरा पुष्कळदा पुराव्याशिवायच मारलेला आढळला. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात गांजाची परवान्यानं शेती होत असे, मध्य प्रांतात खंडव्याचा गांजा नावाजलेला होता. १८९४ चा निष्कर्ष थोडक्यात असा: बेतानं घेणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, अति करणाऱ्याचं बिघडतं, आणि सरसकट बंदी गरजेचीही नाही, शहाणपणाचीही नाही. कर लावा, परवाना ठेवा. यात सरकारला महसुलाची गोडी होती, हे विसरू नये. आपला मुलूख तेव्हा निजामाकडे होता. तिथंही मादक पदार्थ आबकारी खात्याच्या हिशेबातच असत.

पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला. भारतानं त्यात गांजाच्या रूढ वापरासाठी पंचवीस वर्षांची सवड मागून घेतली आणि ती संपत आली तेव्हा, १९८५ च्या नोव्हेंबरात, अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा लागू झाला. या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. फुलोऱ्याशिवायचा पाला आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून उत्तरेत भांगेचं सरकारमान्य दुकान दिसतं. महाराष्ट्रात दारूबंदीच्या जुन्या कायद्यानं भांगेलाही परवाना लागतो, म्हणजे काशीला उघड मिळणारी ठंडाई इथं गुन्हा ठरू शकते. एक किलोपर्यंत गांजा ही ‘अल्प मात्रा’, वीस किलोच्या वर ‘व्यापारी मात्रा’. व्यापारी मात्रेला दहा ते वीस वर्षं, आणि जामीन जवळपास विसरायचाच.

आता शेताकडे जाऊ, कारण आपल्या भागात या प्रश्नाला खरी धार तिथं येते.

कापसाच्या किंवा तुरीच्या आडतासात गांजाची झाडं सापडली, पोलिसांनी उपटून ट्रॅक्टरमध्ये भरली, ही बातमी मराठवाड्यात नवी नाही. आणि ती वाचून पारावर येणारी पहिली प्रतिक्रिया संतापाची नसते, ‘किती किलो भरला?’ ही असते. मग कुणीतरी सोयाबीन काढतो. ‘सोयाबीनला भाव नाही, मंग आता गांजाच लावावं का?’ हे वाक्य मी लातूरच्या आडत बाजारात इतक्या वेळा ऐकलं आहे की ते म्हणीत जमा व्हावं. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आणि प्रत्यक्ष सौदा त्याच्या कितीतरी खाली, अशा वेळी त्या वाक्यातला विनोद पातळ होत जातो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं तर जिल्हाधिकाऱ्यांना रीतसर अर्जच दिला: दोन एकर गांजा लावायची परवानगी द्या, मुदतीत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरून लागवड करीन. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खेळ म्हटलं. असेलही. पण मराठवाड्यातल्या वाचकांनी तो अर्ज गांजाबद्दलचा म्हणून वाचलाच नाही, भावाबद्दलचा म्हणून वाचला. गांजाला मोकळीक मागणारा इथला सगळ्यात मोठा आवाज हा असा आहे, आणि तो न ओढणाऱ्यांचा आहे.

या आवाजाबद्दल मला सहानुभूती आहे, पण त्याचा हिशेब चुकतो. गांजाला भाव आहे तो बंदीमुळे. मोकळीक मिळाली की दुसऱ्या हंगामाला त्याचंही सोयाबीन होणार. कॅनडानं १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा खुला केला. मोठ्या कंपन्या उतरल्या, गरजेपेक्षा जास्त पिकवलं गेलं, दर घसरले आणि न विकलेला माल नष्ट करावा लागला. तिथल्या लहान उत्पादकाला जे झेपलं नाही ते किनवटच्या कोरडवाहू शेतकऱ्याला झेपेल, असं समजणं भाबडेपणाचं आहे.

कुणी म्हणतं, ओढायला नको, धाग्यासाठी तर लावू द्या. कायद्याच्या चौदाव्या कलमात तशी सोय आहे, आणि उत्तराखंडनं २०१८ पासून कमी नशेच्या वाणाला परवाने दिले. त्या वाणात नशेचं द्रव्य ०.३ टक्क्याच्या आत हवं. पण धाग्याचं पीक आपल्याला नवं आहे का? अंबाडी होती की! कासऱ्यापासून मोटेच्या नाड्यापर्यंत सगळं तिच्या सुताचं. इंग्रजीत तिला चक्क ‘दख्खनची हेम्प’ म्हणत. नायलॉनचा दोर आला आणि अंबाडी भाकरीबरोबरच्या भाजीपुरती उरली. जिच्यावर कसला कायदा नव्हता तिचा धागा कुणी विकत घेतला नाही, तर परवान्याच्या कचाट्यातल्या धाग्याला गिऱ्हाईक कुठून आणणार?

शेतातल्या झाडाला शिक्षा मात्र पक्की आहे. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. झाडं पाच की पाचशे, कलम एकच. छाप्यात अख्खं झाड मुळापासून तोललं जातं, कायद्यातला गांजा मात्र फक्त फुलोरा. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशाच वजनाच्या प्रश्नावर एकाला जामीन दिला. आणखी एक कलम गावकारभाऱ्यांनी वाचून ठेवावं: सत्तेचाळीसावं. गावात बेकायदा लागवड कळली की ती कळवणं हे सरपंच, पंच आणि गावकामगारांचं कर्तव्य आहे. गप्प बसायची सोय नाही.

माल येतो तो बहुतेक बाहेरून. आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरातून तेलंगणामार्गे येणारी वाट नांदेडवरून पुढे जाते. १५ नोव्हेंबर २०२१ ला अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या मुंबई पथकानं नायगाव तालुक्यातल्या मांजरमजवळ ट्रक अडवला, त्यात १,१२७ किलो गांजा होता आणि तो जळगावकडे निघाला होता. दीड महिना आधी त्याच पथकाच्या क्रूझवरच्या कारवाईनं देशभर गदारोळ झाला होता. तिथं ग्रॅमांवर रात्र-रात्र चर्चा, इथल्या टनाला दोन दिवसांची बातमी. पकडले जातात ते ट्रकवरचे. माल कुणाचा, हे पारावर सगळ्यांना माहीत असल्यासारखं बोललं जातं, दोषारोपपत्रात ते क्वचित उतरतं.

लातूरच्या आईबापांशी बोललं की मात्र सूर एकदम बदलतो. लातूर पॅटर्नवर भरवसा ठेवून परभणी, बीड, हिंगोलीतून आलेली पोरं खोली करून राहतात, सतरा वर्षांची, एकटी, ‘नीट’च्या ताणाखाली. नांदेडच्या शिकवण्यांच्या भागातही हेच चित्र. या आईबापांना कॅनडाचं उदाहरण सांगू नये. त्यांची भीती अडाणी नाही. पंचेचाळीस हजारांवर स्वीडिश सैनिकांचा १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: ज्यांनी तरुणपणी भरपूर गांजा ओढला त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे सहापट होतं. कारण-परिणामावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत, पण कोवळ्या मेंदूला हे सोसत नाही यावर फारसा नाही.

आणि आता गांजा एकटा राहिलेला नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये चाकूर तालुक्यातल्या रोहिना गावात महसूल गुप्तचर संचालनालयानं मेफेड्रोन म्हणजे एमडी बनवण्याचा कारखाना पकडला, अकरा किलोंवर माल सापडला आणि अटक झालेल्यांत एक पोलीसही होता. त्याच्या आधीच तुळजापूरचं एमडी प्रकरण गाजलं होतं. त्यामुळे आज लातूरकर ‘ड्रग्ज’ म्हणतो तेव्हा चिलीम आणि पांढरी पूड एकाच पोत्यात भरतो. हा घोळ दोन्ही बाजूंनी घातक आहे. चिलमीला पुडीइतकं भयंकर म्हणत राहिलो, तर पोरं एक दिवस पुडीला चिलमीइतकी साधी समजतील.

बायकांचं मत विचारायला वेगळी पाहणी लागत नाही. ते त्यांनी आडव्या बाटलीवर शिक्के मारून कधीच नोंदवलं आहे. महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडवी’ म्हटलं की गावचं दारूदुकान बंद, हा नियम मराठवाड्यातल्या बायकांनी नेटानं वापरला. ‘एक हाय तेच झेपंना, दुसरं कशाला?’ या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ ला आली, २०२१ ला उठली, त्यातून दोन्ही बाजूंचे विद्वान आपापले धडे काढतात. मार खाणारीचा धडा साधा आहे. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय अहवालात वर्षभरात दारू पिणारे सुमारे १६ कोटी आणि भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे ३.१ कोटी आहेत. या बायकांचा राग मुळात त्या सोळा कोटींवर आहे. गांजाला त्याची झळ लागते इतकंच.

जगाचं काय? जर्मनीनं एप्रिल २०२४ पासून प्रौढांना मोजका गांजा बाळगायची मुभा दिली. थायलंडनं २०२२ मध्ये दार उघडलं आणि २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीपुरतं लोटून घेतलं. गोव्यात २०२० च्या डिसेंबरात औषधी लागवडीच्या प्रस्तावावर नुसती चर्चा निघाली, तर एवढा गहजब झाला की सरकारनं अंग काढून घेतलं. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, आणि भारताचं मत बाजूनं होतं. दिल्लीनं व्हिएन्नात काय केलं, हे नांदेडात कुणाच्या गावीही नाही.

माझं मत विचाराल तर दुकानं नकोत. दारूची दुकानं आपण कशी चालवली ते पाहून तरी नकोत. पण ओढणाऱ्याला कोर्टात उभं करणंही थांबावं. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेनं मुंबईतल्या २०१७ आणि २०१८ च्या दहा हजारांवर खटल्यांचा अभ्यास केला. जवळपास सगळे स्वतःपुरता माल बाळगल्याचे, सुमारे ८७ टक्के गांजा-चरसचे, आणि बहुतेक आरोपी गरीब, गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळे झालेले. यातून व्यापार थांबला नाही, फक्त झोपडपट्टीतल्या पोरांच्या नावापुढे शेरा लागला. २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानंही अल्प मात्रेला गुन्ह्यातून वगळण्याची सूचना केली होती. साधूला नमस्कार आणि हमालाला हातकडी, हा आपला आजचा अलिखित कायदा मला लाजिरवाणा वाटतो.

तोवर जो कायदा आहे त्यातलंच एक दार वाचकांच्या उपयोगी पडेल. कलम ६४-अ असं सांगतं की, व्यसनात सापडलेला माणूस अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकला आणि त्यानं स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे पूर्ण उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. नांदेडला विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, आणि व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक १४४४६ आहे. घरातल्या पोराच्या खिशात पुडी सापडली, तर थोबाडीत मारण्याआधी हा क्रमांक लावा.