आयर्लंडचे ते २६ टक्के

२०१५ मध्ये आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढला, असा आकडा जुलै २०१६ मध्ये जाहीर झाला. ना तेवढे कारखाने उभे राहिले होते, ना पगार तसे फुगले होते. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिकडे हलवली होती आणि तिच्यावरची कमाई आयर्लंडच्या खात्यात धरली गेली, एवढंच. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी त्याला 'लेप्रेकॉन इकॉनॉमिक्स' म्हणून टोला हाणला. (लेप्रेकॉन म्हणजे आयरिश लोककथांमधला, सोनं लपवणारा बुटका.)

गंमत म्हणजे हिशेब नियमाला धरूनच होता. जीडीपीत उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर मूल्यात पडलेली भर तेवढी धरतात. २० रुपयांचा गहू, त्याचं ३० रुपयांचं पीठ, त्याचा ५० रुपयांचा पाव, तर मोजायचे ५०च, १०० नाही. पण ही भर देशाच्या हद्दीत पडली का, इतकंच जीडीपी बघतो. पैसा कुणाच्या खिशात गेला, हे राष्ट्रीय उत्पन्न सांगतं: परदेशी मालकांचा नफा वजा, आपल्या लोकांची बाहेरची कमाई अधिक. आयर्लंडला तेही पुरेना. बाहेरून आलेल्या पेटंटांचा आणि भाड्याने दिलेल्या विमानांचा घसाराही वगळणारं सुधारित राष्ट्रीय उत्पन्न तिथलं सांख्यिकी कार्यालय २०१७ पासून छापतं.

कुणी म्हणेल, त्या नफ्यावरचा कर तर आयर्लंडलाच मिळाला ना? मिळाला, आणि भरपूर मिळाला. म्हणून जीडीपी टाकाऊ ठरत नाही; मात्र दरडोई जीडीपीवरून तिथल्या माणसाचं राहणीमान ठरवणं चूकच. श्रीमंत देशांची पुढची यादी फॉरवर्ड होऊन आली, की आयर्लंडचा आकडा जरा जपूनच वाचा.