दुखणे खरे, मग रिपोर्ट नॉर्मल कसे?

मध्यंतरी दवाखान्यात पंचेचाळिशीच्या एक बाई आल्या. हातात एक्स-रे आणि रिपोर्टांनी भरलेली पिशवी. दोन वर्षांपासून पाठ, मान, पाय दुखतात. चार डॉक्टर झाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल. वेदनाशामक गोळ्या रोज चालू. मी त्या बंद करून रात्रीची एक छोटी गोळी लिहून दिली. आठ दिवसांनी बाई रागावूनच परत आल्या. "दुकानदार म्हणाला, ही डिप्रेशनची गोळी आहे. मला वेड लागलंय का, डॉक्टर?"

चूक माझी होती. गोळी देण्याआधी मी समजावून सांगायला हवे होते.

दुखणे महिनोन् महिने टिकते, त्याची काळजी मनातून जात नाही आणि सारा दिवस त्यातच जातो, अशा आजाराला 'सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर' म्हणतात. हे नाव २०१३ पासून रूढ झाले. यात रोगी ढोंग करीत नाही. वेदना खरीच असते. वेदनेचा संदेश मज्जातंतूंतून मेंदूकडे जातो आणि मेंदू त्याला आवर घालतो. काळजी आणि जागरण यांमुळे हा आवर सैल पडतो. रेडिओचा आवाज कोणी वाढवून ठेवावा, तसे होते.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या सूज उतरवतात. इथे सूजच नसेल तर त्यांचा उपयोग थोडा. रोज घेतल्यास मात्र जठरात व्रण होतो, मूत्रपिंडाला इजा पोहोचते. डोकेदुखीसाठी महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस गोळ्या घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते!

ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन ही औषधे मेंदूचा तो आवर बळकट करतात. ॲमिट्रिप्टिलीन वेदनेसाठी बहुधा १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. नैराश्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा ही बरीच कमी असते. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला तोंड कोरडे पडते, गुंगी येते, बद्धकोष्ठ होतो. हृदयविकार, काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. गोळी मनाने सुरू करू नये आणि एकदम बंदही करू नये. झोपेच्या गोळ्या हा यावरचा उपाय नव्हे. त्यांची सवय लागते.

सर्वांनाच गुण येतो असे नाही. गोळीबरोबर रोजचे चालणे, वेळेवर झोप, एकाच डॉक्टरांचा सल्ला आणि गरज पडल्यास मानसोपचार हवेत. मात्र वजन घटणे, ताप, हातापायांतील शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काही आढळल्यास पुन्हा तपासणी करावीच.

त्या बाई दीड महिन्याने आल्या. म्हणाल्या, "दुखतं अजून. पण झोप लागते, आणि आज बाजारातून चालत आले." मला तेवढे पुरे होते.